न शिकवलेला धडा

आमच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा भाग आहे. तो आला त्या दिवशी सरांनी फळ्यावर पाठाचे नाव लिहिले, मुलींच्या बाकांकडे न पाहता "हे घरी वाचून घ्या, आकृती तेवढी पाठ करा" असे सांगितले आणि पुढचा पाठ काढला. वर्गात खसखस पिकली. मी आकृती पाठ केली, गुणही मिळवले. पण तिचा अर्थ मला कळला नव्हता.

तो कळण्याची वेळ गेल्या वर्षी आली. माझ्या ताईला तिसरी मुलगी झाली. तिच्या सासूबाईंनी पाळण्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "हिच्या पोटी पोरीच पिकतात," एवढे बोलून त्या अंगणात गेल्या. वाईट याचे वाटले की माझी मायसुद्धा म्हणाली, "तिचं नशीबच फुटकं." त्या रात्री मी ट्रंकेतून दहावीचे पुस्तक काढले. पुढे ग्रंथालयात बसलो, आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना भीत भीत प्रश्न विचारले. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे, शास्त्रज्ञ नाही. जे समजले ते माझ्यासारख्यांसाठी येथे मांडत आहे.

या विषयावर मराठीत बोलणारा मी काही पहिला नव्हे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. त्यापायी विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. वाचकांच्या शंकांना शास्त्रीय उत्तरे देणे, हा त्यांचा गुन्हा होता! आता मूळ विषयाकडे वळू.

रचना

पुरुष जननसंस्थेचे मुख्य अवयव म्हणजे दोन वृषण. बाळ आईच्या पोटात असताना हे वृषण बाळाच्या उदरात तयार होतात आणि जन्माआधीच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत खाली वृषणकोशात उतरतात. इतका नाजूक अवयव निसर्गाने शरीराबाहेर का लोंबत ठेवला, हा प्रश्न मला लहानपणापासून पडे. उत्तर सोपे आहे. शुक्रपेशी तयार होण्यास शरीराच्या उष्णतेपेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते. म्हणून थंडीत वृषणकोश आकसून वृषणांना अंगाजवळ ओढतो आणि उन्हाळ्यात सैल सोडतो. जन्मानंतर सहा महिन्यांतही मुलाचा वृषण खाली उतरला नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

वृषणात केसासारख्या बारीक नलिकांची वेटोळी असतात. शुक्रपेशी तेथे तयार होतात. एक शुक्रपेशी घडण्यास सुमारे 70 दिवस लागतात आणि हे काम वयात आल्यापासून म्हातारपणापर्यंत रात्रंदिवस चालू असते. तेथून त्या अधिवृषणात जातात. ही वृषणाला चिकटलेली गुंडाळी उलगडली तर सुमारे सहा मीटर लांब भरेल. येथे शुक्रपेशी परिपक्व होतात व पोहण्यास शिकतात.

पुढे दोन शुक्रवाहिन्या त्यांना वर ओटीपोटात नेतात. वाटेत शुक्राशय व पुरःस्थ ग्रंथी आपापले स्राव मिसळतात. काउपर ग्रंथी मार्ग ओलसर करतात. शेवटी शिश्नातील मूत्रमार्गातून वीर्य बाहेर पडते. मूत्र आणि वीर्य यांची वाट एकच असली तरी वीर्यपतनाच्या वेळी मूत्राशयाचे तोंड स्नायूंनी बंद होते, त्यामुळे दोन्ही मिसळत नाहीत. शिश्नात हाड नसते. त्यातील स्पंजासारख्या ऊतींत रक्त भरले की ते ताठ होते.

वृषणांचे दुसरे काम म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक तयार करणे. आवाज फुटणे, मिसरूड फुटणे, स्नायू भरणे हे सारे त्याच्यामुळे घडते. मेंदूच्या बुडाशी असलेली पीयूषिका ग्रंथी त्यावर नियंत्रण ठेवते. हे संप्रेरक नळीतून जात नाही, थेट रक्तात मिसळते. वाचकांनी एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

धातूची भीती

आपल्याकडे एस.टी. स्टँडजवळच्या भिंतींवर 'गुप्तरोग', 'धातू जाणे', 'शक्ती' अशा जाहिराती दिसतात. रक्ताच्या शंभर थेंबांपासून वीर्याचा एक थेंब होतो, असे वसतिगृहात मीही ऐकले होते आणि घाबरलोही होतो. वीर्य रक्तापासून आटवलेले नसते. त्याचा बहुतांश भाग शुक्राशय व पुरःस्थ ग्रंथी यांचा स्राव असतो. शुक्रपेशींचा वाटा शेकडा दोन ते पाच इतकाच. झोपेत वीर्य जाणे हा आजार नव्हे, वयात येण्याची ती खूण आहे. भीती विकणाऱ्या वैदूला पैसे देऊ नयेत.

खऱ्या धोक्याच्या खुणा मात्र लाजेपायी लपवू नयेत. वृषणात एकाएकी तीव्र कळ आली तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी पाच-सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तरच तो वाचण्याची मोठी आशा असते. न दुखणारी कठीण गाठ हाताला लागली तरी दाखवावी, कारण वृषणाचा कर्करोग तरुणांनाच अधिक होतो.

मुलगा की मुलगी?

आता ताईच्या प्रश्नाकडे येतो. स्त्रीच्या पेशींत एक्स नावाची दोन लिंग-गुणसूत्रे असतात, पुरुषाच्या पेशींत एक एक्स व एक वाय. म्हणून स्त्रीच्या प्रत्येक अंडपेशीत एक्सच असतो. शुक्रपेशी मात्र अर्ध्या एक्सच्या व अर्ध्या वायच्या. एक्सवाली भेटली तर मुलगी, वायवाली भेटली तर मुलगा. 1905 साली अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या स्त्री शास्त्रज्ञाने किड्यांच्या पेशी तपासून हे कोडे उलगडण्यास सुरुवात केली.

आम्ही शेतकरी माणसे. ज्वारी पेरली आणि हरभरा का उगवला नाही म्हणून रानाला कोणी शिव्या देत नाही. पण हा दाखलाही अपुराच आहे, कारण स्त्री म्हणजे नुसते रान नव्हे. अर्धे बीज तिचेच असते. आणि पुरुषालाही दोष देता येत नाही, कारण कोट्यवधींतून कोणती शुक्रपेशी पोहोचेल हे त्याच्या हाती नसते. हा नाणेफेकीसारखा प्रकार आहे. तीन वेळा नाणे उडवून तिन्ही वेळा एकच बाजू पडली तर आपण नवल मानत नाही, मग तीन मुली झाल्या की घरात सुतक का?

मूल होत नसेल तेव्हाही हेच घडते. 'वांझ' हा शब्द स्त्रीसाठीच राखून ठेवलेला आहे. प्रत्यक्षात मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. वीर्याची तपासणी साधी व बिनवेदनेची आहे, तरीही नवऱ्याआधी बायकोच दवाखान्याच्या पायऱ्या झिजवते.

या अज्ञानाची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे केवळ 807 मुली होत्या. राज्यात हा आकडा सर्वांत खाली होता. 2001 साली तो 894 होता. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा 1994 सालचा आहे. कायदा होता, पण मनात वंशाचा दिवाच तेवत होता.

नसबंदी आणि कोयता

तिसऱ्या मुलीनंतर ताईच्या घरी 'ऑपरेशन'चा विषय निघाला, तेव्हा सगळ्यांचे डोळे तिच्याकडेच वळले. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी असते. तीत दोन्ही शुक्रवाहिन्या बांधून तोडतात. पोट उघडावे लागत नाही, भूलही जागेपुरतीच. 1974 साली चीनमध्ये निघालेल्या बिनटाक्याच्या पद्धतीत तर फक्त बारीक छिद्र पाडतात. वृषण जागेवरच राहतात आणि टेस्टोस्टेरॉन रक्तातूनच जात असल्यामुळे ताकद, दाढी-मिशी, इच्छा यांत फरक पडत नाही. मात्र पहिले तीन महिने अन्य साधन वापरावे लागते व नंतर वीर्य तपासून खात्री करावी लागते. शिवाय वाहिन्या पुन्हा जोडणे कठीण असल्याने निर्णय पक्का हवा.

तरीही पुरुष पुढे येत नाहीत. याला इतिहासही आहे. आणीबाणीच्या काळात, 1976-77 या एका वर्षात, देशात सुमारे 62 लाख पुरुषांची नसबंदी झाली. त्यात पुष्कळ सक्ती होती आणि तिची दहशत मनात बसली. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील शेकडा 37.9 विवाहित स्त्रिया शस्त्रक्रिया झालेल्या आढळल्या. पुरुष नसबंदीचे प्रमाण शेकडा 0.3 होते.

आमचे दाजी ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. "माझी ताकद गेली तर कोयता कोण चालवील?" असे ते म्हणाले. मी वहीत आकृती काढली, तीच, दहावीत पाठ केलेली, आणि वाहिनी कोठे तोडतात व संप्रेरक कोठून जाते ते दाखविले. मोळी डोक्यावर घेऊन ताई ट्रकवर चढते, तिच्या पोटावर टाके पडले तर कोयता अर्धा होणार नाही का, असेही विचारले. दाजी बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पोरीबी माझ्याकडूनच?" मी म्हणालो, "दोघांकडून, दाजी. पण पोरगा की पोरगी ते तुमच्याकडून ठरतं. तेही नकळत."

ऑपरेशनचा निर्णय अजून झालेला नाही. पण या खेपेला ताईला माहेरी न्यायला गेलो तेव्हा धाकटी दाजींच्या खांद्यावर होती आणि सासूबाई तिला टोपडे घालीत होत्या.

आपल्यापैकी पुष्कळ जण उद्या शिक्षक होतील. फळ्यावर तो पाठ लिहिण्याची वेळ येईल तेव्हा "घरी वाचून घ्या" असे कृपा करून म्हणू नका. आमच्यापैकी अनेकांच्या घरी तो वाचून सांगणारे कोणीच नसते.