प्रवासी, अवर्षण आणि वणवा

वणवा म्हणजे दूर डोंगरावरची गोष्ट, आणि वादळ आलें कीं पाऊस येणारच, असें आपण सहज समजतों. ह्या समजुती किती फसव्या आहेत हें हवाई बेटांपैकीं माउई बेटावरील लाहायना गांवाच्या नाशावरून दिसतें. ८ ऑगस्ट २०२३ रोजीं समुद्रकांठचें हें गांव जळालें. त्यांत १०२ माणसें मृत्यु पावलीं व २,२०० हून अधिक इमारती जळाल्या किंवा मोडल्या.

१. भूमि कोरडी कां होती? — तेथें पाऊस आणणारे वारे ईशान्येकडून येतात. डोंगरमाथ्यावर विपुल पाऊस पडतो, परंतु डोंगराच्या आडोशास असलेलें लाहायना कोरडें राहतें. सह्याद्रीच्या पूर्वेस माणदेशाची जी स्थिति, तशीच ही. शिवाय तेथें पाऊस मुख्यत्वें हिवाळ्यांत पडतो. उन्हाळ्यांत रानें वाळतात. त्या वर्षीं उन्हाळ्यांत अवर्षणाची भर पडली होती.

२. सरपण कोठून आलें? — पूर्वीं त्या उतारांवर उंसाचे बागाइती मळे होते. लाहायना येथील साखरेचा कारखाना १९९९ सालीं बंद पडला व पुष्कळ जमीन पडीक राहिली. तींत चाऱ्यासाठीं बाहेरून आणलेलें गिनी गवत माजलें. तें पावसांत पुरुषभर वाढतें आणि उन्हांत वाळून तत्काळ पेट घेतें.

३. वारा कसा सुटला? — बेटांच्या उत्तरेस हवेचा दाब फार वाढला होता, आणि दक्षिणेस शेंकडों मैलांवरून डोरा नांवाचें चक्रीवादळ जात होतें. सोसाट्याचा वारा डोंगरावरून खालीं आला. पाऊस मात्र आला नाहीं. विजेच्या तुटलेल्या तारांमुळें सकाळीं गवत पेटलें. तें विझलें असें वाटून बंबवाले परत गेले. परंतु दुपारीं तीनच्या सुमारास तोच विस्तव पुन्हां भडकला.

४. माणसांची गति काय झाली? — विजेचे खांब पडून रस्ते अडले, मोटारींची रांग जागींच थांबली, आणि कित्येकांनीं समुद्रांत उड्या घेतल्या. धोक्याचे भोंगे वाजलेच नाहींत. पुढील दिवसांत हजारों प्रवासी बेट सोडून गेले.

येथें दुसरें संकट उभें राहिलें. पाहुण्यांच्या सेवेवर ज्यांचें पोट, त्यांची मजुरी बुडाली. ८ ऑक्टोबर २०२३ पासून त्या भागांत पाहुण्यांस पुन्हां येऊं देण्यास आरंभ झाला, तेव्हां लोकांत दोन पक्ष पडले. एक म्हणे, काम नसेल तर आम्ही खावें काय? दुसरा म्हणे, आमचें सुतक अजून फिटलें नाहीं. दोघांचेंही म्हणणें खरें होतें. म्हणून दुःखाच्या ठिकाणीं जाणाऱ्या प्रवाशानें तेथें पैसा खर्चावा, परंतु राखेचा तमाशा पाहूं नये.

आतां आपल्याकडे वळूं. फाल्गुन-चैत्रांत आपलेही डोंगर वाळलेल्या गवतानें भरलेले असतात. परक्या मुलुखांत उतरतांना पाऊस केव्हां पडला व बाहेर पडण्याच्या वाटा किती, हें गांवकऱ्यांस विचारावें. जळती विडी टाकूं नये. चुलीवर पाणी ओतून राख हातास थंड लागेपर्यंत उठूं नये. वाऱ्याबरोबर धूर दिसल्यास भोंग्याची वाट न पाहतां निघावें, व जातांना शेजाऱ्यास हांक मारावी.

वर्गासाठीं प्रश्न : (१) समुद्र जवळ असूनही लाहायना कोरडें कां? (२) पडीक जमीन धोक्याची कशी झाली? (३) आपल्या गांवाभोवतीं असें सरपण कोठें सांचलें आहे, आणि तें पावसाळ्यानंतर कोण काढील?