थांबलेल्या हृदयास विजेची हांक

वाचकांनीं प्रथम डाव्या मनगटावर उजव्या हाताचीं दोन बोटें ठेवून आपली नाडी पाहावी. निरोगी प्रौढ माणसाची नाडी मिनिटास सुमारें ७२ वेळां उडते. म्हणजे अहोरात्रांत एक लक्षाहून अधिक ठोके झाले. हे ठोके मेंदूच्या आज्ञेनें पडतात असें पुष्कळांस वाटतें, परंतु तें खरें नव्हे. बेडकाचें हृदय शरीराबाहेर काढून योग्य क्षारजलांत ठेविलें, तरी तें कांहीं काळ उडतच राहतें. मेंदूकडून येणारे मज्जातंतु त्याची गति कमीअधिक करितात, एवढेंच. ठोक्याची आज्ञा निघते ती हृदयाच्याच उजव्या कर्णिकेंतील एका लहानशा पेशीपुंजांतून. हा पुंज कीथ व फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांनीं १९०७ सालीं दाखवून दिला. आदल्याच वर्षीं सुनाओ तावारा या जपानी वैद्यानें, जर्मनींत केलेल्या अभ्यासावरून, ती आज्ञा कर्णिकांतून खालच्या जवनिकांकडे कोणत्या वाटेनें जाते हें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें होतें. निरोगी हृदयांत ही वाट बहुधा एकच असते, आणि ती फार अरुंद असते.

ती रोगानें तुटली म्हणजे काय होतें? वरच्या कर्णिका नियमानें उडत असतात, पण खालीं निरोप पोंचत नाहीं. जवनिका मग आपल्याच मंद चालीनें मिनिटास तीस-चाळीस ठोके देतात, आणि मधूनच अगदीं थांबतात. मेंदूस रक्त न मिळाल्यामुळें रोगी बोलतां बोलतां कोसळतो. कित्येकदां तो पुन्हां उठत नाहीं. डब्लिनच्या ॲडम्स व स्टोक्स या वैद्यांनीं एकोणिसाव्या शतकांत या झटक्यांचें वर्णन केलें, म्हणून त्यांचींच नांवें विकारास मिळालीं. नांव मिळालें, खात्रीचा उपाय मात्र पुढें शंभर वर्षें मिळाला नाहीं.

तो शोधणाऱ्यांत अमेरिकेंतील बॉस्टन शहराचे डॉक्टर पॉल झॉल यांचें कार्य विशेष अभ्यासण्याजोगें आहे. दुसऱ्या महायुद्धांत ते इंग्लंडमधील अमेरिकन लष्करी रुग्णालयांत होते. तेथें हार्केन नांवाचे शस्त्रवैद्य सैनिकांच्या हृदयांत रुतलेले गोळ्यांचे तुकडे काढीत. नुसत्या स्पर्शानेंही हृदय दचकून ठोका देतें, हें झॉल यांनीं त्या वेळीं पाहिलें. युद्धानंतर वरील विकार जडलेली एक बाई त्यांच्या उपचारांखालीं होती. सर्व औषधें करूनही ती दगावली. हृदय धडधाकट, दोष केवळ वाटेंत. मग अशा हृदयानें कां थांबावें, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसूं देईना.

१९५२ च्या नोव्हेंबरांत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकांत त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. छाती न उघडतां, बाहेरूनच विजेचे क्षणिक धक्के देऊन त्यांनीं थांबलेल्या जवनिकांस ठोके द्यावयास लाविलें होतें. एकेक धक्का सेकंदाच्या सुमारें दोन सहस्रांश भागापुरता असे. पहिला रोगी वांचला नाहीं. दुसऱ्याचें हृदय यंत्रानें ५२ तास चालविलें. मग तें आपलें आपण चालूं लागलें व रोगी घरीं गेला. यशाइतक्याच स्पष्टपणें अपयशही निबंधांत नमूद आहे, हें आम्हांस त्यांतील मोठें मोल वाटतें.

अशा उपायांवर त्या काळीं, हा ईश्वरी इच्छेंत हस्तक्षेप होय, असा आक्षेपही घेण्यांत आला. बुडत्यास हात देणें जर हस्तक्षेप नसेल, तर हाही नव्हे, असें आमचें मत आहे. यंत्राचे खरे दोष निराळे होते. धक्क्यांनीं रोग्यास वेदना होत, कातडी भाजे, आणि भिंतींतील विजेची तार सुटली कीं सारेंच संपे. १९५७ सालीं मिनेॲपोलिस येथें अर्ल बॅकन यांनीं घटावर चालणारें, अंगावर वागवितां येईल असें लहान यंत्र केलें. त्याची विद्युन्मंडलाची कल्पना त्यांनीं वादकांच्या तालयंत्रावरून घेतली होती, हें संगीताच्या विद्यार्थ्यांस वाचून मौज वाटेल.

पुढील वर्षीं, ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं, स्वीडनमध्यें अभियंते एल्मक्विस्ट यांनीं बनविलेलें यंत्र शस्त्रवैद्य सेनिंग यांनीं आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या गृहस्थाच्या शरीरांतच बसविलें. तें कांहीं तासांतच बंद पडलें; लागलीच दुसरें बसविलें. पुढें आयुष्यांत लार्सनला वीसाहून अधिक यंत्रें लागलीं. एल्मक्विस्ट १९९६ सालीं व सेनिंग २००० सालीं निवर्तले. लार्सन मात्र २००१ च्या डिसेंबरपर्यंत जगला.