रेडिएटरचं झाकण खोलण्याआधी

मु. कोरीट, ता. जि. नंदुरबार

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तू गॅरेजात कामाला लागलास, हे ताईने फोनवर सांगितलं. पाने-पकडी उस्ताद शिकवतीलच. मी फक्त रेडिएटरबद्दल लिहितो, कारण एप्रिल-मे लागला की आपल्याकडे बोनेटमधून वाफ सोडणाऱ्या गाड्या वाढतात.

तोरणमाळचा घाट चढून आलेली भरगच्च जीप दारात थांबली, की ड्रायव्हरला पुढच्या फेरीची घाई आणि पॅसेंजरला घरची. "झाकण खोल, पाणी टाक, झालं!" हात भाजतो तो इथेच. आत प्रेशर कुकरचा हिशेब असतो. एक बारच्या आसपास दाब असला, तर पाणी 100 ऐवजी साधारण 120 अंशांना उकळतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी उकळून थेट तोंडावर येतं. इंजिन बंद केलं म्हणजे गार झालं, असंही समजू नकोस. पंप थांबल्यावर हेडमधली उष्णता पाण्यात उतरतच राहते, त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटं ते उलट जास्त तापतं. म्हणून निदान अर्धा-पाऊण तास थांब. गिऱ्हाईक चिडलं तर चिडू दे, त्याला चहा पाज. मग वरचा होज दाबून बघ. टणक लागला तर अजून दाब आहे. नरम लागला तरी झाकणावर कोरडं जाड फडकं टाक, तोंड बाजूला ठेव आणि आधी थोडंसंच फिरव. फुसफुस थांबल्यावरच पूर्ण काढ. आणि तापल्या इंजिनात गार पाणी ओतलंस, तर हेडला तडा जातो. त्याचा खर्च कुणाच्या माथी बसेल, हे सांगायला नको.

फॅनवर भरवसा ठेवू नकोस. विजेवरचा फॅन चावी बंद असतानाही अचानक फिरतो, म्हणून हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. गळ्यातला गमछा आणि हातातलं कडं आधीच काढून ठेव.

कूलंटची मला जास्त भीती वाटते. ते चवीला गोड, पण विषारी. सांडलेलं कुत्रं चाटतं, वासरू चाटतं. काढलेलं कूलंट थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवायची सवय मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. रंगीत पाणी बघून एखादं पोर ते सरबत म्हणून पिईल. झाकणाच्या डब्यात भर, वर मोठ्या अक्षरांत 'विष' लिही. गटारीत तर ओतूच नकोस. कुणाच्या पोटात गेलंच, तर उलटीची वाट न बघता 108 ला फोन कर.

भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली 20 मिनिटं धर. हळद, टूथपेस्ट काही लावायचं नाही. डोळ्यांत उडालं तर धुवत धुवतच दवाखाना गाठ.

सोबत गॉगल पाठवतो आहे. खिशात ठेवू नकोस, कामाला लागताना डोळ्यांवर लाव. ताईला नमस्कार.

तुझा मामा