मैदानावरची क्रुसाची खूण

वाचन : मत्तय 5:14-16, मत्तय 6:1-6, 1 करिंथ 9:24-27



फलंदाजीला जाताना किंवा पेनल्टी मारण्यापूर्वी आपली मुले क्रुसाची खूण करतात. टीव्हीवर मोठमोठे खेळाडूही ती करताना दिसतात. अशा वेळी मनात दोन प्रश्न येतात. ही श्रद्धेची साक्ष आहे की देखावा? आणि दोन्ही संघ प्रार्थना करीत असतील, तर देवाने कुणाचे ऐकायचे?

पहिल्या प्रश्नासाठी शुभवर्तमान उघडू या. दिवा झाकून ठेवू नका, असे प्रभू येशू सांगतो. पुढच्याच अध्यायात, लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करणाऱ्यांना तो ढोंगी म्हणतो. यात विसंगती नाही. फरक हेतूचा आहे. गौरव पित्याचा व्हावा की माझा, एवढाच प्रश्न आहे.

2007 साली युरोपियन चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना जिंकल्यावर ब्राझीलचा काका मैदानात गुडघे टेकून बसला. त्याच्या आतल्या बनियनवर, आपण येशूचे आहोत, असे लिहिले होते. आज फुटबॉलच्या नियमांनुसार गणवेशावर किंवा आतल्या बनियनवरही राजकीय, धार्मिक वा वैयक्तिक मजकूर चालत नाही. दुखापत होऊ नये म्हणून गळ्यातला क्रूसही काढून ठेवावा लागतो. क्रुसाची खूण करायला मात्र या नियमांत मनाई नाही. तेव्हा पंचांनी साखळी काढायला सांगितली, तर आपल्या श्रद्धेवर घाला आला असे मुलांनी मानू नये.

खूण तीच, पण ती कशी केली जाते यालाही महत्त्व आहे. स्कॉटलंडमध्ये सेल्टिक आणि रेंजर्स या संघांच्या चाहत्यांत कॅथलिक-प्रॉटेस्टंट असे जुने वैर आहे. 2006 साली सेल्टिकचा पोलिश गोलरक्षक आर्तूर बोरूच याला रेंजर्सविरुद्धच्या सामन्यातील वर्तनाबद्दल सरकारी वकिलांच्या कार्यालयाने ताकीद दिली. कॅथलिकांना वाईट वाटले. तेव्हा, आक्षेप क्रुसाच्या खुणेला नसून प्रेक्षकांकडे केलेल्या हातवाऱ्यांना आहे, असा खुलासा करण्यात आला. ज्या क्रुसावर प्रभूने शत्रूंना क्षमा केली, त्या क्रुसाने कुणाला डिवचायचे नसते, हे मात्र आपण यावरून शिकावे.

आता दुसरा प्रश्न. 2002 च्या विश्वचषकात इटलीचे प्रशिक्षक जोव्हानी त्रापात्तोनी पवित्र पाण्याची बाटली सोबत ठेवत असत. त्यांची बहीण धर्मभगिनी होती. तरीही इटलीचा संघ दक्षिण कोरियाकडून हरला. पवित्र पाण्यात शक्ती नव्हती का? तसे नव्हे. संस्कारचिन्हे म्हणजे जिंकण्याचा ताईत नव्हे. संत पौलानेही धावपटूंचे उदाहरण देताना संयम आणि मेहनत यांवरच भर दिला आहे.

मग मागायचे काय? 30 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईत महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात आपल्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा केल्या. सामन्यानंतर डोळे पुसत तिने प्रथम येशूचे आभार मानले. स्पर्धेच्या काळात आपण चिंतेने ग्रासलो होतो, खूप रडलो, हेही तिने सर्वांसमोर सांगितले. तिच्या साक्षीचे मोल येथे आहे. देवाने ऑस्ट्रेलियाला हरवले, असा तिचा दावा नव्हता. आपल्या दुबळेपणात त्याने आपल्याला सावरले, एवढेच तिचे म्हणणे होते.

क्रुसाची खूण करून मैदानात उतरणारा खेळाडू बाद असताना पंचांशी हुज्जत घालत असेल, तर प्रेक्षक क्रूस विसरतात आणि शिवी लक्षात ठेवतात. हरल्यावर प्रतिस्पर्ध्याचा हात हातात घेणारा खेळाडू न बोलता साक्ष देतो. आणि आपल्या खुणेला मान हवा असेल, तर सजदा करणाऱ्या मुस्लिम खेळाडूला आणि आकाशाकडे पाहून हात जोडणाऱ्या हिंदू खेळाडूलाही तोच मान आपण दिला पाहिजे.

घरी चर्चेसाठी :
1. खेळाआधी मी देवाकडे काय मागतो?
2. हरल्यावरही मी क्रुसाची खूण करतो का?
3. माझा खेळ पाहून प्रतिस्पर्ध्याला माझ्या प्रभूविषयी काय वाटेल?