आख्यायिकेतील राजा आणि इतिहासातील राजा : यंग्लिंग वंशावळीच्या निमित्ताने

स्वीडनच्या गादीवर १९७३ पासून असलेल्या राजाचे नाव कार्ल सोळावा गुस्ताव असे आहे. इतिहासात मात्र कार्ल नावाचे सोळा राजे सापडत नाहीत. योहानेस माग्नुस या आर्चबिशपचा लॅटिन इतिहासग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १५५४ मध्ये, रोम येथे प्रसिद्ध झाला. त्यातील कल्पित राजमालिकेवर विसंबून एरिकने (१५६०-६८) स्वतःला चौदावा आणि पुढे त्याच्या भावाने स्वतःला कार्ल नववा म्हणवून घेतले. बाराव्या शतकातील ज्या कार्लला आज सातवा म्हणतात, तोच वस्तुतः पहिला ज्ञात कार्ल होय.

ही यादी बाजूला सारणे सोपे आहे. तिच्याहून कितीतरी जुनी अशी उप्सालाच्या यंग्लिंग राजांची वंशावळ मात्र इतक्या सहज निकालात काढता येत नाही, कारण ती एका काव्याच्या आधारे उभी आहे. तेराव्या शतकातील आइसलँडचा इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसॉन (मृत्यू १२४१) याने आपल्या राजचरित्रसंग्रहाचा आरंभ या वंशापासून केला आणि थ्योदोल्फ या नॉर्वेजियन दरबारी कवीचे 'यंग्लिंगातल' हे काव्य आधाराला घेतले. थ्योदोल्फचा काळ परंपरेने इ. स. ९०० च्या सुमाराचा मानतात. काव्यात रोग्नवाल्ड राजाच्या तीस पूर्वजांची नावे, त्यांचे मृत्यू आणि दफनस्थाने सांगितली आहेत, असे स्नोरी नोंदवितो. छंदोबद्ध रचना नीट रचलेली असेल आणि तिचा अर्थ विवेकाने लावला असेल तर ती विश्वसनीय ठरते, अशीही त्याची भूमिका आहे. बखरींतील पद्यांशांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना या भूमिकेचे बळ आणि तिच्यातील धोका, दोन्ही ओळखीचे वाटतील.

काव्यातील मृत्यू विलक्षण आहेत. फ्योल्निर मद्याच्या पिंपात बुडून मरतो, स्वेग्दिर एका बुटक्याच्या मागे शिळेत शिरतो तो परत येत नाही, आणि दोमाल्दीचा प्रजा सुगीसाठी बळी देते. आश्रयदात्याच्या पूर्वजांचे असे लाजिरवाणे शेवट दरबारी कवीने का गावेत? क्लाउस क्राग यांनी १९९१ मध्ये या प्रश्नालाच हात घातला. पहिल्या चार राजांच्या मृत्यूंत त्यांना जल, पृथ्वी, वायू आणि अग्नी ही चार महाभूते दिसली. ही मांडणी ख्रिस्ती विद्येतून आलेली असून काव्य बाराव्या शतकातील असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. भाषेचे आणि छंदाचे प्राचीनत्व पुढे करून अनेकांनी तो नाकारला, आणि वाद मिटलेला नाही. प्रस्तुत लेखकाला महाभूतांची जुळणी जरा ओढून ताणून केलेली वाटते. स्तुतिकाव्यात ही विटंबना कशी आली, हा मूळ आक्षेप मात्र शिल्लक राहतो.

खरी कसोटी मधल्या राजांपाशी लागते. स्नोरीच्या मते एगिलचा पुत्र ओत्तार, त्याचा पुत्र आदिल्स. हा आदिल्स वेनेर्न सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावर नॉर्वेच्या आली राजाचा पराभव करतो. 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी महाकाव्यात ओह्थेरे, त्याचा पुत्र एआदगिल्स आणि त्याच्याशी लढून मरणारा ओनेला भेटतात. ही नावे भाषिक दृष्ट्या तीच आहेत. परंतु ओनेला हा तेथे परका नसून सख्खा चुलता आहे, आणि ओह्थेरेच्या पित्याचे नाव एगिल नसून ओंगेन्थेओव आहे. ही सर्व नावे स्वरांनी आरंभ होतात, आणि जर्मानिक छंदात कोणताही स्वर दुसऱ्या स्वराशी आद्यानुप्रास साधतो. राजकुळांत अशी नावे ठेवण्याची चाल खरोखरच होती. कवीच्या स्मरणालाही तीच सोयीची होती. म्हणून एकच लक्षण दोन्ही पक्षांच्या कामी येते!

उप्सालाच्या उत्तरेस वेंडेल येथे 'ओत्तारचा ढिगारा' म्हणून ओळखला जाणारा दफनस्तूप आहे. १९१४-१६ च्या उत्खननात तेथे बासिलिस्कस या रोमन सम्राटाचे (४७५-७६) सोन्याचे नाणे मिळाले. सहाव्या शतकाच्या आरंभाचा काळ कथेशी जुळतो, म्हणून अनेकांना हा निर्णायक पुरावा वाटला. परंतु नाणे काळ सांगते, नाव सांगत नाही, आणि ढिगाऱ्याला ओत्तारचे नाव असल्याचे उल्लेख सतराव्या शतकातील आहेत. शिवाय स्नोरी ओत्तारचा मृत्यू डेन्मार्कमधील वेंडेल येथे घडवितो. 'वेंडेलचा कावळा' हे टोपणनाव तो ओत्तारला देतो, तर त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधीचा आरी तेच एगिलला जोडतो.

या सगळ्या मंडळींत लिखित इतिहासाचा स्पर्श झालेला एकच राजा आहे, हिगेलाक, आणि तो यंग्लिंग नव्हे. फ्रँकांच्या प्रदेशावरील त्याची स्वारी आणि मृत्यू सहाव्या शतकातील बिशप ग्रेगरीने नोंदविला आहे. तेथेही ग्रेगरी त्याला डेन लोकांचा राजा म्हणतो, 'बेओवुल्फ' गेआट लोकांचा. ओह्थेरेच्या कुळाशी त्याच्या कुळाचे वैर काव्यात वर्णिले असल्याने त्या कुळालाही सहाव्या शतकात जागा मिळते. ती जागा कुळाला मिळते, बर्फावरच्या लढाईला नव्हे. लाउरिट्झ वाइबुल यांनी १९११ मध्ये साधनचिकित्सेचा जो काटेकोर दंडक घातला, त्यानुसार तर एवढेही देऊ नये. वाइबुल यांचा दंडक घटनांपुरता मान्य करून नावांना त्यातून वगळावे, असे मला वाटते. घटना पिढीगणिक बदलल्या, नावे मात्र दोन भाषांत, दोन किनाऱ्यांवर, एकाच क्रमाने टिकली.