वाइन क्लब सुरू करायचाय? बाटली विकू नका, निवड विका



आजचा विषय जरा वेगळा आहे. छोट्या वायनरींच्या वाइन सभासदांपर्यंत पोहोचवणारा क्लब. गेल्या वर्षी एक तरुण माझ्याकडे हीच कल्पना घेऊन आला होता. नाशिकच्या दोन छोट्या वायनरींशी त्याची ओळख होती. अठरा मित्रांकडून त्याने तीन-तीन हजार रुपये आगाऊ घेतलेही होते. बेत असा, की दर महिन्याला दोन बाटल्या आणायच्या, खोक्यात भरायच्या आणि घरूनच वाटायच्या.

मी त्याला एकच प्रश्न विचारला, "परवाना कुणाचा?" तो गप्प बसला.

पहिला धडा: बाटली विकायचा हक्क कुणाचा?

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. वाइन विकायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. घरातून, गाडीतून, ओळखीपाळखीत विकली तरी ती विक्रीच. "मी फक्त वर्गणी घेतो, बाटली भेट देतो" हा युक्तिवाद करून बघायची गंमत करू नका. पिणाऱ्यालाही सेवन परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. जाहिरातीवरही बंधन आहे, त्यामुळे सोशल मीडियावर बाटलीचा फोटो टाकून "आजच मागवा" लिहायचं नाही.

त्या तरुणाने चोपन्न हजार रुपये परत केले. दोन मित्र नाराज झाले, पण गुन्हा दाखल होण्यापेक्षा ते परवडलं.

मग क्लब करायचाच नाही का? करायचा. पण विकायचं काय, ते आधी ठरवायचं.

दुसरा धडा: क्लब नेमकी कुणाची अडचण सोडवतो?

इंग्लंडमधली वाइन सोसायटी १८७४ साली सुरू झाली. लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं. ते संपल्यावर पोर्तुगालच्या वाइनची पिंपं तळघरात पडून राहिली. ती खपवायला जेवणाच्या बैठका ठेवल्या. लोकांना वाइन आवडली आणि त्यातूनच सहकारी संस्था उभी राहिली. सभासद एक शेअर घेतो आणि मालक होतो. ती संस्था आजही चालू आहे.

दुसरं उदाहरण २००८ चं, तेही इंग्लंडमधलंच. नेकेड वाइन्स या कंपनीने ग्राहकांना दरमहा वीस पौंड खात्यात जमा करायला सांगितलं आणि त्या पैशांतून स्वतंत्र वाइन बनवणाऱ्यांना भांडवल पुरवलं.

दोन्हीकडे अडचण एकच होती: माल चांगला, पण ग्राहकापर्यंत जायला वाट नाही. आपल्या नाशिककडे बघा. द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. शेतकऱ्याचे पैसे, मजुरी, वीज हा खर्च तेव्हाच होतो. रेड वाइन लाकडी पिंपात मुरत ठेवली तर पैसा अनेक महिने अडकतो. दुकानाच्या फळीवर मोठे ब्रँड पुढे असतात. दुसऱ्या राज्यात जायचं तर तिथे लेबलची वेगळी नोंदणी आणि वेगळं शुल्क. छोट्या उत्पादकाला हे झेपत नाही. त्याला हवी असतात त्याचं नाव लक्षात ठेवणारी शंभर माणसं.

ती माणसं जमवणं आणि त्यांच्यासाठी नेमकी वाइन निवडणं, हा तुमचा धंदा. बाटली विकेल आणि ओतेल तो परवानाधारकच. म्हणजे परवाना असलेलं रेस्टॉरंट किंवा वायनरीची स्वतःची टेस्टिंग रूम.

तिसरा धडा: हिशोब बारांच्या पटीत

समजा, महिन्यातून एक बैठक. चार वाइन, प्रत्येकाला प्रत्येक वाइन ६० मिली. बाटली ७५० मिलीची, म्हणजे एका बाटलीत बारा जण. सभासदाकडून १,२०० रुपये. बाटली ९०० रुपये, खाणं माणशी ३००, छपाई आणि किरकोळ १,८०० रुपये. दोन बाटल्या जादा धरा, कारण एखादी खराब निघतेच. (आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या जागेचे दर घालून बघा.)

- २४ जण: जमा २८,८००. दहा बाटल्या ९,००० + खाणं ७,२०० + किरकोळ १,८०० = १८,०००. उरले १०,८००.
- १५ जण: जमा १८,०००. बाटल्या तरीही दहाच, ९,००० + ४,५०० + १,८०० = १५,३००. उरले २,७००.
- १२ जण: जमा १४,४००. सहा बाटल्या ५,४०० + ३,६०० + १,८०० = १०,८००. उरले ३,६००.

बघितलंत? पंधरापेक्षा बारा जणांत जास्त उरतं! तेरावा माणूस थोडं कमी ओतून बसवाल. पण चौदावा, पंधरावा आला की चार नव्या बाटल्या फोडाव्या लागतात. म्हणून नोंदणी बारावर थांबवा, पुढच्यांना प्रतीक्षा यादीत ठेवा आणि चोवीस भरत असतील तेव्हाच दुसरा गट उघडा.

वाइन आणि खाण्याचं बिल परवानाधारकाच्या नावाने होऊ द्या, तुमची फी वेगळी दाखवा. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, तुमची सेवा नाही. सेवेची वार्षिक उलाढाल वीस लाखांवर गेली की नोंदणी लागते. हे सगळं सीएला आणि उत्पादन शुल्क कार्यालयाला विचारून कागदावर घ्या.

चौथा धडा: सभासद दुसऱ्यांदा का येईल?

पहिल्यांदा तो उत्सुकतेने येतो. दुसऱ्यांदा येतो तो तुमच्या निवडीवर विश्वास बसला म्हणून. त्यासाठी तीन गोष्टी पाळा.

१. स्वतः न चाखलेली वाइन बैठकीत ठेवू नका. उत्पादक कितीही जवळचा असो.

२. प्रत्येक वाइनचं अर्ध्या पानाचं कार्ड द्या: द्राक्ष कोणतं, मळा कुठला, तोडणी कधीची, कशाबरोबर प्यायची. हलकी व्हाइट आधी, भारी रेड शेवटी. शेनिन ब्लाँ आधी, शिराझ नंतर.

३. न आवडलेली वाइनही नोंदवा. सभासदांचं मत, नावं न घालता, उत्पादकाला कळवा. छोट्या वायनरीला असा थेट अभिप्राय क्वचित मिळतो. पुढच्या वेळी तो तुमच्यासाठी चांगली बाटली राखून ठेवेल.

आणि हो, आगाऊ पैसे एका बैठकीपुरतेच घ्या. वर्षाची वर्गणी घ्यायचा मोह होतो, पण वायनरीचा माल संपला तर ते पैसे तुमच्या डोक्यावर कर्ज असतात.

या आठवड्याचा गृहपाठ

दोन छोट्या वायनरींना भेटा. एक परवाना असलेली जागा शोधा, तिथल्या मालकाला विचारा, "मंगळवारी तुमची किती टेबलं रिकामी असतात?" मग बारा नावं लिहा. ओळखीची नाहीत, पैसे देऊन येतील अशी.

बारा भरली तर पहिली बैठक ठरवा. सातच भरली तर अजून एक रुपयाही घेऊ नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत कामाला लागा!