वेब्लीचे काडतूस आणि हेगचा ठराव

काडतूस म्हटले की आपल्याला १८५७ चे, चरबी लावलेले काडतूस आठवते. मी लिहितो आहे ते त्यानंतरचे. इंग्रज लष्कराच्या वेब्ली रिव्हॉल्व्हरचे .४५५ इंची काडतूस १८९१ साली आले. त्याची गोळी भरीव शिशाची, सुमारे १७ ग्रॅम वजनाची, पण वेगाने संथ. वसाहतींच्या लढायांत अंगावर धावून येणारा माणूस एका गोळीत थांबलाच पाहिजे, असा अधिकाऱ्यांचा आग्रह असे. म्हणून १८९८ च्या सुमारास तिसरा प्रकार निघाला. या गोळीचे टोक वाटीसारखे पोकळ होते. शरीरात शिरताच कडा फाकाव्यात व जखम रुंद व्हावी, हा हेतू. तिला नावच पडले 'मॅनस्टॉपर'! कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यातली रायफलची गोळीही याच जातीची.

घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिलाच. वडील विचारतात, "गोळी ती गोळी, तिचा अभ्यास कसला?" उत्तर हेगच्या ठरावात आहे.

१८९९ च्या हेग परिषदेने फाकणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. इंग्लंडने विरोधी मत दिले आणि १९०७ मध्ये ठराव मान्य केला; 'मॅनस्टॉपर' मात्र १९०० मध्येच लष्करातून काढली गेली. पण ठराव नीट वाचावा. बंदी होती ती सह्या करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसांतील युद्धापुरतीच. सरहद्दीवरचा पठाण किंवा आमच्या सातपुड्यातला भिल्ल हेगला सही करायला जाणार होता थोडाच?